आधीपासून दमा किंवा दुसरा आजार असलेल्या मुलांना कोरोनाचा जास्त त्रास होतो का?

तुमचा मुलगा ७ वर्षांचा, दम्याचा पंप रोज चालू, आणि तुम्ही विचारताय की कोरोना झाला तर त्याला धोका जास्त आहे का, आणि पंपात स्टिरॉइड असतं म्हणून तो बंद करावा का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. दमा आटोक्यात असलेली बहुतेक मुलं कोरोनातून इतर मुलांसारखीच बरी होतात. पंप सुटला आणि दमा उफाळला, तर मात्र साधी सर्दीही जड जाते.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, म्हणजे लघवीवाटे प्रोटीन जातं आणि अंगावर सूज येते. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरात सगळेच पॉझिटिव्ह आले, तेव्हा तिला स्टिरॉइडची गोळी एक दिवसाआड चालू होती. आम्ही दोघं रात्रभर ऑक्सिमीटरकडे बघत बसायचो. ऑक्सिजन काही घसरला नाही, ताप दोन दिवसांत गेला. आम्ही सुटलो म्हणतोय तोवर सहाव्या दिवशी सकाळी तिचे डोळे सुजलेले, आणि लघवीच्या स्ट्रिपवर प्रोटीन तीन प्लस! छाती शाबूत, पण जुना आजार उलटला होता.

त्या आठवड्यात एका नातेवाइकांचा सल्ला आला, "स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती जाते, गोळी थांबवा." डॉक्टरांनी उलट काही दिवस तीच गोळी रोज द्यायला सांगितली. गोळी महिनोन्महिने चालू असली की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. ऐन तापात ती तोडली तर रक्तदाब कोसळू शकतो.

बाकी आजारांतही पुष्कळदा असंच होतं, कोरोनाच्या निमित्ताने जुना आजारच उफाळतो. टाइप १ मधुमेहात तापात साखर चढते, मूल जेवत नाही म्हणून घरचे इन्सुलिन टाळतात आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारं आम्ल) वाढतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना (नंदुरबार, गडचिरोलीकडच्यांना हे सांगायला नको) तापाबरोबर हाडं ठणकणं, छातीत दुखणं सुरू होऊ शकतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला जोर लावून खोकता येत नाही, कफ आतच राहतो. हृदयाचा जन्मजात गंभीर दोष किंवा केमोथेरपी चालू असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि लठ्ठपणा! आपल्याकडे त्याला "खात्यापित्या घरचं पोर" म्हणतात, पण मोठ्या मुलांमध्ये कोरोना बळावण्याच्या ठळक कारणांत तो आहे.

एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नाही. कोरोनानंतर २ ते ६ आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा जोरदार ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या असं होतं. त्याला एमआयएस-सी म्हणतात, म्हणजे एकाच वेळी अनेक अवयवांना येणारा दाह. तो दुर्मीळ आहे, पण बहुतेक वेळा आधी ठणठणीत असलेल्या मुलांनाच होतो. त्यामुळे घरात दुसरं मूल असेल तर त्याच्यावरही लक्ष ठेवा.

तुमच्या मुलासाठी, त्रास वाढला तर कुठला पंप किती वेळा द्यायचा, हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या. पंप स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावूनच द्या. बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले किंवा त्याला एक वाक्यही सलग बोलता येईना, तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.