साबुदाण्याचा उपवास आणि मेंदूचं वय

प्रश्न : वय ५८. एकादशी, चतुर्थी नेमाने करते. दोन्ही वेळा खिचडी, मधे दोन-तीनदा चहा. उपवासाने मेंदूचं म्हातारपण लांबतं म्हणतात. माझे उपवास त्यात धरायचे का?

उत्तर : नाही. उपवास आणि मेंदू यांवरचं हे काम मुख्यतः मार्क मॅट्सन यांचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेतली चेताविज्ञान प्रयोगशाळा ते सांभाळत. त्यांच्या मते खरी गोष्ट इंधन बदलण्याची. जेवणानंतर १०-१२ तासांनी यकृतातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपत येतो, मग चरबीतून कीटोन हे दुसरं इंधन बनतं आणि मेंदू त्यावर चालू लागतो. उंदरांमध्ये अशा उपवासाने चेतापेशींना जपणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढलं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट; वाटीभर पोटात गेला की साखर चढते आणि तास पहिल्यापासून मोजायचे. दुधासाखरेचा चहाही उपवास मोडतोच. कोरा, बिनसाखरेचा चालेल.

माणसांवरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा अभ्यास २०२४चा. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही असे ५५ ते ७० वयाचे ४० स्थूल लोक, ८ आठवडे. निम्मे लोक आठवड्यातले सलग २ दिवस रोज ४८० कॅलरींवर, बाकीचे रोजच्या सकस आहारावर. मेंदूच्या वयाची खूण दोन्ही गटांत सुधारली. स्मरणाच्या चाचण्यांत उपवासवाले थोडे पुढे. एवढ्यावरून स्मृतिभ्रंश टळतो म्हणणं उतावीळपणाचं.

आता तुमची खिचडी मोजू : ५० ग्रॅम साबुदाणा १७५, २५ ग्रॅम दाणे १४०, दोन छोटे चमचे तूप ८०. एका बशीत ४०० कॅलरी! एकादशी अन् दुप्पट खाशी, ते उगाच नाही.

त्यापेक्षा रात्री ८ला जेवण आटपा, सकाळी ८ला न्याहारी. जमलं की दर आठवड्याला अर्धा तास पुढे, १०पर्यंत. डोकं दुखणं, चिडचिड बहुधा महिनाभरात ओसरते. पाणी कमी पडू देऊ नका. रात्री ११ला जेवलात तर सकाळी १०पर्यंत ११च तास भरतात. आणि दोन जेवणांत डाळ, उसळ, दही कमी पडलं तर या वयात चरबीसोबत स्नायूही झडतात.

प्रश्न : मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड घेतो. मी करू का?

उत्तर : डॉक्टरांनी मात्रा बदलून दिल्याशिवाय नको. ही गोळी पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायला लावते. घाम, थरथर, गोंधळ जाणवला आणि साखर ७०च्या खाली असली, तर लगेच ३ चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उपवास तिथेच सोडायचा.