बाराखडी तोंडपाठ, तरी वाचन अडतं

प्रश्न : मुलगा मराठी शाळेत पहिलीत आहे. 'क का कि की' न चुकता म्हणतो, पण 'काका' लिहून दाखवलं की गप्प. कुठे चुकतंय?

उत्तर : तो म्हणतोय ते गाणं. 'क'नंतर 'का' येतो म्हणून त्याला आठवतो, आकार ओळखून नव्हे. पाटीवर मधलंच 'की' लिहून विचारा. त्याने 'क का कि' असा पहिल्यापासून सूर धरला तर शंका उरत नाही.

सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघू नका. म, क, ल, न, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, काम, लाल, राम असे कितीतरी शब्द होतात. पोस्टकार्डाच्या तुकड्यांवर ही अक्षरं लिहा, शब्द जुळवू द्या, मग 'मामा काम कर' असं वाक्य वाचायला द्या. हा गट पक्का झाल्यावरच पुढची चार-पाच अक्षरं घ्या.

दोन अडचणी ठरलेल्या. सुटं वाचताना मूल 'क, म, ळ' असं प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतं. बोलताना मात्र शेवटच्या 'ळ'मधला 'अ' आपण गाळतो. म्हणून सुटं वाचून झाल्यावर लगेच 'आता सलग म्हण' असं सांगायचं, नाहीतर शब्द कानावर पडूनही ओळखीचा वाटत नाही. दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे 'कविता'चं 'किवता' होतं. काना, मात्रा, दुसरी वेलांटी रुळल्यावरच तिला हात घाला. जोडाक्षरांची घाई तर नकोच. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'दऱ्या' यांत एकच 'र' चार वेषांत येतो, मोठीही गोंधळतात.

प्रश्न : दुसरीतल्या मुलाने मिनिटाला किती शब्द वाचावेत?

उत्तर : जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या, लहान मुलांच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आहे दुसरीअखेर ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६०, तेही समजून. मोजायला पाठ्यपुस्तकातला धडा घेऊ नका, तो पाठ झालेला असतो. त्याच पातळीचा, न वाचलेला, शंभरेक शब्दांचा उतारा घ्या. मिनिटात ५२ शब्द झाले आणि ७ चुकले, तर ४५ धरा. मग उताऱ्यावर दोन-तीन प्रश्न विचारा. उत्तरं येत नसतील तर आकड्याला अर्थ नाही.

इंग्रजीतल्या आकड्यांशी तुलना मात्र करू नका. आपला 'घराबाहेरच्यांना' हा एकच शब्द मोजला जातो!

वेग कमी असेल तर एकच छोटा उतारा तीन वेळा वाचून घ्या : आधी तुम्ही बोट फिरवत वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देणाऱ्या मुलाला ('पाणी'ऐवजी 'पान') घाई करायला सांगू नका. शब्द बोटाने झाकून अक्षर-अक्षर उघडत न्या.

प्रश्न : मुलगी चौथीत, वाचन उत्तम, शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार. रोज पानभर लिहून घेऊ का?

उत्तर : पानभर नको, हात दुखतो आणि चुकाच घोटल्या जातात. रोज पाचच शब्द, पण जोड्यांनी : फूल–फुलाला, वीट–विटेवर, खीर–खिरीत. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीची वेलांटी किंवा उकार साधारणपणे दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. 'गुण', 'विष' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, ते वेगळे पाठ करायचे. तपासताना चूक तुम्ही दुरुस्त करू नका. ओळीखाली रेघ मारा, शब्द तिला शोधू द्या.