शब्दचर्चा : ‘अपराधी भावनेची क्षमा’

नवापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, ‘प्रभूने माझ्या अपराधी भावनेची क्षमा केली’ हे वाक्य मंडळीत (चर्चमध्ये) आपल्या विश्वासाची साक्ष देताना वारंवार ऐकू येते, ते बरोबर आहे काय, आणि ‘क्षमा’ऐवजी ‘माफी’ म्हटले तर चालेल काय.

वाक्य चूक आहे, आणि ते नवापूरपासून भुसावळपर्यंत इतक्या वेळा कानी पडते की आता त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. भावना अपराधी नसते, माणूस अपराधी असतो. म्हणून म्हणायचेच तर ‘अपराधीपणाची भावना’ म्हणावे. शिवाय क्षमा होते ती अपराधाची. भावनेची क्षमा कोणी करीत नाही, कारण भावनेने कोणाचे काही बिघडवलेले नसते.

‘माफी’चे उत्तर थोडक्यात देतो. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी धातूत पुसून टाकण्याचा अर्थ आहे, वाऱ्याने वाळूवरची पावले पुसावीत तसा. ‘क्षमा’ ज्या ‘क्षम्’ धातूपासून आली त्याचा अर्थ सोसणे, आणि सर्व काही सोसते म्हणून पृथ्वीलाही संस्कृतात ‘क्षमा’ म्हणतात. ‘माफी’ हा दरबारी शब्द असल्याने तो उपासनेत नको, असे सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी नव्या करारातील कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील 14वे वचन वाचावे. तेथे आपल्याविरुद्धचा हस्तलिखित कर्जरोखा देवाने पुसून टाकला, असेच म्हटले आहे.

खरा आनंद देणारा शब्द ‘अपराध’ हा आहे. ‘राध्’ म्हणजे सिद्धीस जाणे, आणि ‘अप’ लागला की ते हुकणे. अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ असा एक शब्द येतो, आणि त्याचा अर्थ दिला आहे : ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला तो. म्हणजे अपराधी हा मुळात नेम चुकलेला तिरंदाज आहे! आता नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द सर्वांत अधिक येतो तो ‘हमार्तिया’ पाहा. त्याचे क्रियापद प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात फेकलेला भाला चुकला की वापरले जाते. हिब्रूतही तीच गोष्ट आहे. जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात केसावर नेम धरूनही न चुकणारे 700 डावखुरे गोफणवाले येतात, आणि तेथील ‘न चुकणारे’ यातला धातू हाच इतरत्र पाप करण्याचा धातू आहे. सातपुड्यात ज्यांच्या घरी आजही तीरकामठा आहे आणि ज्वारीच्या राखणीला ज्यांनी गोफण फिरवली आहे, त्यांना या तीन भाषांमधला हा मेळ समजावून सांगण्यासाठी कोणत्याही पंडिताची गरज नाही. म्हणूनच पापापेक्षा ‘अपराध’ हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे, असे माझे ठाम मत आहे, मग अनुवादकांची परंपरा काहीही असो.

मात्र सुटलेला बाण भात्यात परत येत नाही, आणि येथेच येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतील ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ या ओळीचे मोल कळते. ही रचना बोजड आहे, तेथे सरळ ‘क्षमा कर’ घालावे, असे सुचवणारे विद्वान मला मान्य नाहीत, कारण त्यांनी मूळ शब्द तपासलेला नाही. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात ऋण आणि पाप या दोहोंसाठी ‘होबा’ हा एकच शब्द होता. ही प्रार्थना मत्तय आणि लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत येते. मत्तयाने ऋण ठेवले. लूकने 11व्या अध्यायात आधी पाप म्हटले, तरी पुढच्याच शब्दांत त्याला ऋणी माणूस आणावाच लागला. दोघांचे ग्रीक क्रियापद एकच आहे, ‘अफिएमि’, म्हणजे सोडणे, जाऊ देणे. आणि त्याचेच नाम ‘अफेसिस’ लूकच्या चौथ्या अध्यायात बंदिवानांच्या सुटकेसाठी येते. मत्तयाच्या 18व्या अध्यायातील दृष्टांतात चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज, एका तालांताचे 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी धरली तर, सहा कोटी दिवसांची मजुरी होते. ते फेडण्याचा प्रश्नच नव्हता. धन्याने ते सोडले.

कापूस आणि केळी पिकवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला यातला पुढचा भागही ठाऊक आहे. कर्जमाफी झाली तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा दिसत राहतो, आणि जुना उतारा पाहिला की छातीत धस्स होते. क्षमेवर विश्वास ठेवूनही ज्यांच्या मनातून अपराधीपणा जात नाही, त्यांचे असेच होते. ते रद्द झालेला उतारा पुन्हा पुन्हा काढून वाचतात. कलस्सैकरांस पत्राप्रमाणे नोंद पुसली गेलेली आहे, आणि ती पुसणे त्यांच्या मनाच्या स्थितीवर अवलंबून नाही.

तेव्हा साक्ष देताना ‘प्रभूने माझे अपराध सोडले’ असे म्हणावे, किंवा ‘माझ्या अपराधांची क्षमा केली’ असे म्हणावे. ‘माफ केले’ म्हटले तरी मला आक्षेप नाही. मनावरचा भार त्यानंतर उतरला असेल, तर ते वेगळ्या वाक्यात सांगावे.