गाडीचं विचारा : दीड लाख किलोमीटरनंतर गिअरबॉक्सचं ऑइल

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून २०१० ची होंडा सिटी ऑटोमॅटिक घेतली. रनिंग १,४८,००० किलोमीटर झालंय. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलल्याची नोंद आधीच्या मालकाकडे नव्हती. विजापूर रोडला पन्नास-साठच्या वेगात गाडी दोन-तीन सेकंद थरथरते, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी. एक मेकॅनिक म्हणतात ऑइल बदला. दुसरे म्हणतात, 'मॅडम, हात लावू नका, बदललं की गिअरबॉक्स बसतो.' कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, बदला. पण मशीन लावून सगळं ऑइल एका दमात नको, टप्प्याटप्प्याने.

'हात लावू नका' म्हणणारा मेकॅनिक खोटं बोलत नाही. त्याने तसं घडताना पाहिलेलं असतं. मीही पाहिलंय. माझं गॅरेज नवं होतं तेव्हा भाड्याने फिरणारी एक ऑटोमॅटिक गाडी आली. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा चार हजारांवर जायचा, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने निघायची. ऑइल काळंकुट्ट, वास करपलेल्या फोडणीसारखा. मालक म्हणाला, ऑइल बदलून बघा. मी बदललं. पंधरा दिवसांत तिसरा गिअर पडायचाच बंद झाला. नव्या ऑइलने गिअरबॉक्स खाल्ला, असं तो आजही सगळ्यांना सांगतो. खरं तर क्लच प्लेटांवरचं अस्तर आधीच झिजून ऑइलात उतरलं होतं, ते नव्या ऑइलने परत येणार नव्हतं. पान्हा हातात घेण्याआधी हे त्याला समोर बसवून सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी आधी गाडी चालवून बघतो, मगच बोलतो.

तुमची तक्रार वेगळी आहे. स्लिप म्हणजे इंजिन पळतं आणि गाडी पळत नाही. तुमची गाडी थरथरते. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद ऑइलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग. त्या वेगात त्याच्या आतला लॉकअप क्लच, म्हणजे दोन्हींना थेट जोडणारा क्लच, धरायला लागतो. या क्लचने किती घसरावं आणि किती धरावं, हे ऑइलातली रसायनं सांभाळतात. ती जुनी झाली की क्लच धर-सोड करतो आणि थरथर स्टिअरिंगपर्यंत येते. ताज्या ऑइलने ती बऱ्याचदा जाते.

तरीही एक खात्री करा. सकाळी गाडी गार असताना ब्रेक दाबून 'आर'ला टाका, मग 'डी'ला. एक-दीड सेकंदात गिअर धरला, धाडकन झटका बसला नाही, आणि तुळजापूरच्या घाटात काटा उगाच वर पळाला नाही, तर काम निर्धास्त करा. यातलं काही चुकलं तर आधी गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाला दाखवा, ऑइलचे पैसे नंतर.

आता काम कसं करून घ्यायचं ते. या गिअरबॉक्समध्ये एकूण साडेपाच-सहा लिटर ऑइल मावतं, पण ड्रेन प्लग काढल्यावर अडीच लिटरच्या आसपासच खाली येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदा बदललं तर निम्म्याहून जास्त जुनंच राहतं. तीनदा काढून भरलं की जुनं साधारण १८ टक्के उरतं. दोन खेपांमध्ये मी पाचशेक किलोमीटर जाऊ देतो. एकाच दिवशी तीनदा केलं तरी चालतं, फक्त मधे गाडी सगळ्या गिअरमध्ये फिरवून आणायची. पण एवढी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्सला हळूहळू केलेलं मला बरं वाटतं.

ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. काम चालू असताना तिथे उभ्या राहा आणि तो प्लग मागून बघा. बोटाला लागणारा काळसर, काजळासारखा मऊ थर असेल तर घाबरायचं कारण नाही. टोचणाऱ्या चकत्या किंवा धातूचे तुकडे निघाले तर तिथेच थांबा. प्लगचा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घालायला लावा.

ऑइल होंडाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) डीडब्ल्यू-१ च हवं. २०१४ पासूनच्या ऑटोमॅटिक सिटीत सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणारा वेगळ्या जातीचा गिअरबॉक्स आहे, त्याचं ऑइल वेगळं. 'होंडा ऑटोमॅटिकचं द्या' एवढंच काउंटरवर म्हटलं तर चुकीचा डबा हातात पडू शकतो. डब्यावरचं नाव स्वतः वाचा.

लेव्हल बघण्याची पद्धतही या गाडीची निराळी. इंजिन पुरतं तापवायचं, रेडिएटरचा फॅन दोनदा लागेपर्यंत. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करायचं आणि एक ते दीड मिनिटाच्या आत ऑइल मोजायची पट्टी बघायची. इतर काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, त्या सवयीने इथे बघितलं तर माप चुकतं. आणि ही पट्टी आपल्या सोलापुरी टॉवेलच्या तुकड्याने पुसू देऊ नका. गावातल्या प्रत्येक गॅरेजात ते तुकडे असतात, माझ्याकडेही आहेत, पण हात पुसायला. त्यांचे धागे सुटतात आणि गिअरबॉक्समधल्या बारीक वाटांत जाऊन बसतात. धागे न सोडणारं जुनं सुती कापड वापरायचं.

जाता जाता रेडिएटरमध्ये काय आहे तेही बघा. बोअरचं पाणी घातलेलं असेल तर काढून कूलंट भरा. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरमधल्याच कूलरमधून गार होऊन येतं. आपल्या खारट पाण्याने तो कूलर आतून सडला की पाणी ऑइलात मिसळतं, आणि पट्टीवर स्ट्रॉबेरीच्या दुधासारखा गुलाबी फेस दिसतो. तसं दिसलं तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, टो करून न्या.

प्रश्न : माझी सेकंडहँड वॅगनआर एजीएस आहे. तिलाही हेच एटीएफ चालेल का? (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : नाही दादा. तुमचा गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच आहे, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. गिअरबॉक्सला गिअर ऑइल लागतं आणि गिअर टाकणाऱ्या त्या ॲक्च्युएटरला स्वतःचं वेगळं हायड्रॉलिक ऑइल. कुठलं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. बिल करताना दोन्हींची नावं वेगवेगळी लिहून घ्या.