तोच फोटो दर वेळी नव्याने कशाला?

प्रश्न : आमच्या साड्यांच्या साइटवर लहान फोटो दर वेळी मूळ फोटोवरून पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) बनवते. गर्दी झाली की सर्व्हर धापा टाकतो. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : बनलेला फोटो डिस्कवर ठेवा. एन्जिनएक्समध्ये (साइट पुरवणारा वेब सर्व्हर) ‘ट्राय_फाइल्स’ लावा, म्हणजे तो आधी डिस्कवर फाइल शोधेल. फाइल नसेल तरच काम पीएचपीकडे जाईल. फाइल त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, मगच नाव बदला. नाहीतर गिऱ्हाइकाला अर्धवट फोटो दिसतो. रुंदी ३२० आणि ६४० पिक्सेल एवढ्याच चालू द्या, नाहीतर कुणीही फोटोच्या पत्त्यात वाटेल ते आकडे टाकून डिस्क भरेल. फाइलच्या नावात आवृत्ती (फोटो बदलला की बदलणारा आकडा) घातलीत की मॅक्स-एज (ब्राउझरने फोटो साठवण्याची मुदत) ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्षभर, बिनधास्त द्या. आणि हे हमखास नजरेतून सुटतं : फोटोच्या स्क्रिप्टमध्ये सेशन_स्टार्ट (आलेल्या माणसाची ओळख लक्षात ठेवणारी पीएचपीची आज्ञा) असेल तर काढा. मूळ सेटिंगमध्ये ते मुकाट्याने ‘नो-स्टोअर’ (साठवू नका) ही सूचना पाठवतं, मग ब्राउझर तो फोटो साठवत नाही.