पंचगंगेकाठी नवीन रहायला आलायस तर
भावा चिखलीत घर घेतलंस ते ठीकाय, पण इथं पूर येतो, म्हणून जुलै लागला की रोज कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी बघत जा, 39 फूट इशारा आणि 43 धोका, पण 43 ची वाट बघत बसू नको कारण एकदा रस्त्यावर पाणी आलं की मग बोटच. राधानगरी धरणाचे ऑटोमॅटिक दरवाजे उघडले की पाणी अजून चढणार समज, भले इथं ऊन का पडेना. जनावरं सगळ्यात आधी हलवायची, 2019 च्या पुरात म्हशींपायी लोक घर सोडत नव्हते, आणि दावणीला बांधून तर अजिबात जायचं नाही. "2005 ला इथवर आलं नव्हतं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नको, 2019 ला त्याच्याही वर गेलं. कागदपत्रं, औषधं, चार्जर आत्ताच एका प्लास्टिक पिशवीत भरून ठेव. निघताना मेन स्विच पाड, सिलिंडरचा रेग्युलेटर काढ.