कंबरमोडी ओळखायची कशी आणि जखमेवर लावायची कधी?

प्रश्न : लहानपणी गुडघा फुटला की आजी कंबरमोडीचा पाला तळहातावर चोळून रस पिळायची, रक्त थांबायचं. आता माझा सात वर्षांचा मुलगा रोज काही ना काही खरचटून येतो. रस्त्याकडेला तसंच एक झाड दिसतंय पण पांढरी फुलं तर गाजरगवतालाही असतात ना? लावू की नको?

उत्तर : ताई, आधी फूल बघा, नुसत्या पानावर गेलात तर फसाल. कंबरमोडीच्या जमिनीलगत लोळणाऱ्या फांदीतून वीतभर लांब दांडा सरळ वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल, म्हणूनच काही जण एकदांडी म्हणतात (दगडीपालाही हीच). मध्ये पिवळं बटण, भोवती बहुतेकदा पाच पांढरट पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन बारीक दाते, जवळ धरलं की मोजता येतात. पानं समोरासमोर, कडा करवतीसारख्या, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. गाजरगवत कमरेएवढं उभं वाढतं, पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली आणि एकाच झाडावर बारीक पांढऱ्या फुलांचे झुपकेच्या झुपके. त्याला हात लावू नका, अंगावर पुरळ उठतं. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली, त्यामुळे गाजरगवताची ॲलर्जी असेल तर कंबरमोडीपासूनही लांबच राहा.

आता लावायचं का? मी म्हणेन, मुलाच्या गुडघ्याला नको. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि हा पाला मातीला टेकूनच वाढतो, वर रस्त्याकडेला कुत्री, तणनाशकाची फवारणी, काय काय असतं. खरचटलेलं आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, मग स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, मध्येच उघडून बघू नका. आजीच्या पाल्याचं निम्मं श्रेय खरं तर तिच्या अंगठ्याला, पाला लावून ती घट्ट दाबून धरायची की! उंदरांवर या रसाचे प्रयोग झालेत, पण तेवढ्यावर पोराच्या जखमेवर प्रयोग कशाला?

तुम्हाला स्वतःला विळीने जरासं कापलं आणि स्वच्छ जागचा, नीट धुतलेला पाला हाताशी असला तर लावा, मीही लावते. जखम खोल असेल, गंजका खिळा लागला असेल किंवा डायबेटिस असेल तर पाला शोधत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा आणि मुलाचे धनुर्वाताचे डोस झालेत का ते आजच कार्डावर बघा. आणि हो, रस पोटात घ्यायचा नाही.